बर्फाचं गाणं आणि सगुणाबाईचं दार

कासार आंबोलीत पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, स्वीडन नकाशात कुठं आहे हे त्याला सांगता यायचं नाही. पण स्वीडनची तिंद्रा कोण, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल आणि वर तिच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवेल. ही सगळी करणी गौतमीची.

गौतमी म्हणजे वाघजाई ब्रास बँडची गायिका. एरवी ती पिरंगुटच्या एका कंपनीत खोकी भरते. डोक्याला जाळी, हातात मोजे आणि तोंड मिटलेलं, कारण तिथल्या सुपरवायझरला बोलणं खपत नाही. लग्नसराई आली की मात्र ती बँडच्या गाडीवर उभी राहते, माइक हातात घेते आणि मिटून ठेवलेलं तोंड असं उघडते की घोटावड्यापर्यंत ऐकू जावं. बँड तिच्या चुलत्याचा, कुशाबा तात्यांचा. तात्या ताशा वाजवतात. बोलतात कमी. जे काही सांगायचं असतं ते ताशाच्या काड्या वर करून किंवा खाली आणून सांगतात, आणि बँडमधल्या साऱ्यांना ते बरोबर कळतं.

बँडची आधीची गायिका लग्न होऊन नांदायला गेली, तेव्हा गौतमी शाळेत प्रार्थना म्हणायची. तात्यांनी तिला उचलून गाडीवर चढवलं. पहिल्या सुपारीला तिचे पाय इतके लटपटत होते की गाडी ढकलणाऱ्याला वाटलं, चाकच निसटलंय. पण सूर काही हलला नाही. त्या दिवशी तात्या घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "जमंल हिला." गौतमीने ते वाक्य अजून जपून ठेवलं आहे.

तिंद्रा नोरलिंग तिच्या आयुष्यात आली ती मोबाइलवरून. कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. बर्फाने भरलेला रस्ता, त्यातून चालत येणारी एक पोरगी, अंगावर गोधडीएवढा जाड कोट, नाक लालबुंद, आणि गाताना तोंडातून वाफ निघतेय. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण मधे एका जागी ती पोरगी सूर असा काही वर नेते, की गौतमीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने ते गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. शेवटी आईने चार्जर पिठाच्या डब्यात लपवला. गौतमीने तो शोधून काढला, आणि पिठासकट वापरला.

त्या दिवसापासून तिंद्राची सगळी कुंडली गौतमीला पाठ. स्वीडनच्या पार उत्तरेला एक लहानसं गाव आहे, हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडतो. तिंद्राचे वडील रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवायचे. डिसेंबरात तिथं पोरी पांढरे झगे घालून, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन गात गात मिरवतात. त्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं चालणारी, तोंडात दात पडल्याची खिडकी असलेली लहानगी म्हणजे तिंद्रा. तो व्हिडिओ गौतमीने आईला दाखवला. आई म्हणाली, "अगं बया, हे तर आपल्या मांडव डहाळ्याच्या मिरवणुकीवानीच हाय की. फकस्त केसं जळली म्हंजी?"

पुढं तिंद्रा टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली. पहिली कोण आली होती ते आज तिकडंही कुणाला आठवत नसेल. मग आलं बर्फातलं ते गाणं. वय अजून मिसरूड फुटायच्या पोरांएवढं, आणि गाणं सगळ्या जगात. लंडन, टोकियो, कुठली कुठली मैदानं भरली. गौतमीला वाटायचं, आपलीच कुणी मैत्रीण गाजतेय. तिंद्राने केस कापले की गौतमी आरशात स्वतःचे केस मुठीत धरून बघायची, आणि आईकडं बघून सोडून द्यायची.

हे गाणं बँडमध्ये घ्यायचं तिने ठरवलं तेव्हा तात्या म्हणाले, "ह्याला ठेकाच न्हाई. भुतावानी नुसतं वाऱ्यावर चाललंय." गौतमीने नाद सोडला नाही. ती घरात, अंगणात, ताशाला ऊन दाखवताना तात्यांच्या मागं मागं गात राहिली. एके दिवशी तात्यांची बोटं चहाच्या कपावर आपोआप पडायला लागली आणि तात्या स्वतःवरच चिडले. मग काय. ताशा बसला, ढोल बसला, बेंजोवाल्याने मधल्या जागा भरल्या. शब्द स्वीडिश, उच्चार आंबोलीचे. त्या लग्नसराईत सगळ्या मुळशी तालुक्यात ते गाजलं. नवरदेवाचे मित्र गाडीपुढं येऊन ओरडायचे, "ए, ते बर्फाचं होऊ दे." भर वैशाखात, घामाने थबथबलेली माणसं बर्फाचं गाणं मागायची आणि नाच नाच नाचायची.

आणि नेमकं तेव्हाच तिकडं तिंद्राचं बिनसलं. दुसरा अल्बम आपटला. मग जर्मनीत कुठंतरी भर कार्यक्रमात, त्याच गाण्यात, त्याच वरच्या सुरापाशी तिचा घसा बसला. ती मंचावरून निघून गेली ती परत आलीच नाही. लोकांनी इंटरनेटवर तिची टर उडवली. ते बघताना गौतमी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडाच ठेवून रडली. नंतर तिंद्रा कुठं दिसेना, बोलेना. तिकडं गाणारी गप्प, आणि इकडं तिचं गाणं दर लग्नात ताशावर नाचतंय, याचं गौतमीला फार विचित्र वाटायचं. तिने गाणं मात्र सोडलं नाही. उलट जास्तच जीव ओतून म्हणायला लागली, जणू कुणाची ठेव सांभाळतेय.

मागच्या उन्हाळ्यात रिहे गावची सुपारी होती. दिग्विजय नावाच्या पोराच्या बहिणीचं लग्न, आणि आदल्या दिवशीचे मांडव डहाळे. मांडवावर घालायला आंब्याचे, उंबराचे, जांभळीचे डहाळे तोडायचे, बैलगाडीत रचायचे आणि वाजतगाजत मारुतीला दाखवून मांडवात आणायचे. अख्खं गाव गाडीपुढं नाचत होतं. गौतमी बर्फाच्या गाण्यात होती, वरच्या सुराकडं चढत होती. दिग्विजय बैलगाडीवर चढून मोबाइलवर सगळं टिपत होता.

एवढ्यात तात्यांनी दोन्ही काड्या वर केल्या.

ढोल थांबला, बेंजो थांबला, गौतमीने सूर तिथल्या तिथं तोडला. पुढं सगुणाबाईचं घर होतं. तिचा नवरा, भिकूआबा, जाऊन फार दिवस झाले नव्हते. दुखवट्याच्या दारावरून वाजवत जायचं नाही, ही बँडवाल्यांची रीत. नाचणारी माणसंही जागच्या जागी हात खाली घेऊन चालायला लागली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, डहाळ्यांची सळसळ आणि चपलांचा आवाज, एवढंच. घर निम्मं मागं पडलं तेव्हा सगुणाबाई दारात आली. तिने गाडीकडं बघितलं, डहाळ्यांकडं बघितलं, हात वर केला आणि म्हणाली, "वाजवा."

ती परवानगी घरच्याच माणसाने द्यायची असते, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. तात्यांच्या काड्या ताशावर पडल्या आणि गौतमीने तोडलेला सूर होता तिथून उचलला. तिला आठवतं ते एवढंच, की तो सूर इतका उंच याआधी कधी गेला नव्हता.

दिग्विजयने व्हिडिओ टाकला आणि तो वणव्यासारखा पसरला. लोक वेडे झाले. असला भारी 'ड्रॉप', म्हणजे गाणं मधेच तोडून पुन्हा उसळवणं, कुणी ऐकला नाही म्हणे, असा थांबा घ्यायला काय डोकं लागतं म्हणे. कुणी तो ब्राझीलमध्ये बघितला, कुणी केनियात. आणि फिरत फिरत तो जाऊन पोचला स्वीडनच्या उत्तरेला, जिथं दुपारीच अंधार पडतो.

थंडीच्या दिवसांत पुण्याहून एक गाडी कासार आंबोलीत आली. त्यातून क्षितिजा नावाची मुलगी उतरली, गौतमीच्याच वयाची, कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीतली. म्हणाली, "तिंद्रा पुन्हा गाणार आहे. पहिला कार्यक्रम भारतात, इथंच, नेरे गावच्या मैदानावर. आणि ते गाणं तिला तुमच्या बँडबरोबर गायचंय. गौतमी, तुझ्याबरोबर."

आतून आईच्या हातातलं पातेलं पडल्याचा आवाज आला.

"एकच अट आहे," क्षितिजा म्हणाली, "तो थांबा तसाच्या तसा हवा. तिला त्या थांब्यानेच वेड लावलंय."

तात्या तेव्हा पौडला गेले होते. थांबा कशाचा आहे, तो नुसता हौसेने घेता येत नाही, हे गौतमीला पक्कं माहीत होतं. पण माहीत असणं आणि तिंद्राला नाही म्हणणं यात फार अंतर असतं. "घेऊ की," ती म्हणाली. तात्यांना रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं, हे एवढं सोडून. मनाशी म्हणाली, बघू पुढचं पुढं. मंचावर गेल्यावर तात्या काय आपल्याला उघडं पाडणारेत?

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. कंपनीत ती खोक्यांवर उलट्या चिठ्ठ्या चिकटवत होती. बँडचे लाल कोट धुतले गेले, सोनेरी गोंडे नव्याने शिवले. आईने माहेरच्या सगळ्या गावांना फोन केले, ज्यांच्याशी अबोला होता त्यांनाही. रिह्याहून सगुणाबाईने निरोप धाडला, की मंचावर न्यायचे डहाळे दुसरीकडचे घेऊ नका, माझ्या दारातला उंबर आहे, त्याचे न्या.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी तालमीला टेम्पो नेऱ्याला पोचला. तात्या उतरले आणि मैदानाकडं बघत उभे राहिले. "ह्या माळावर मी ढोरं राखल्यात," म्हणाले. आता तिथं पिंपळाएवढा मंच, त्यामागं घराएवढा पडदा आणि पलीकडं हिंजवडीच्या काचेच्या इमारती. आणि मंचावर, गुडघ्याला फाटलेली विजार घालून, ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलून खात बसलेली तिंद्रा.

ती गौतमीपेक्षा बुटकी निघाली. गौतमीला याचा केवढा आनंद झाला. तिंद्रा उठली, घाट्यांचा हात विजारीला पुसला. मग तिंद्राने गाण्याची पहिली ओळ गुणगुणली, आणि गौतमीने दुसरी. आंबोलीच्या उच्चारात. तिंद्रा एवढी हसली की खोकला लागला.

तालीम सुरू झाली. बँडने एका बाजूने चालत यायचं, तिंद्रा आणि गौतमी पुढं. ताशा त्या यंत्रांतून असा घुमला की माळावरची बगळ्यांची रांग उडाली. सगळं फक्कड जमत होतं. मग क्षितिजाने हात वर केला. "काका, इथं थांबायचं. व्हिडिओसारखं."

तात्या वाजवायचे थांबले. "हितं? का बरं?"

"तोच तर खरा भाग आहे ना, काका. शांतता. मग पुन्हा सुरुवात."

"मयत कुनाचं झालंय?"

क्षितिजाला काही कळेना. "कुणाचंच नाही."

"मंग न्हाई थांबायचं," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही, राग नाही. "मयत नसताना वाजाप थांबवलं तर आपनच मयताला बोलावल्यागत हुतं. माझ्या बापानं कदी थांबवलं न्हाई, मी बी न्हाई थांबवनार. तुमी सांगाल ते वाजवतो. थांबत न्हाई." आणि त्यांनी ताशा फडक्यात गुंडाळायला घेतला.

मग त्यांनी गौतमीकडं बघितलं. गौतमीची मान खाली गेली.

क्षितिजाने तिला बाजूला घेतलं. बिचारीचा चेहरा पडला होता. "गौतमी, मी काकांना जबरदस्ती नाही करणार. पण थांबा नसेल तर मंचवाले म्हणतील, बँड कशाला? तिंद्रा एकटीच गाईल. उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे. काहीतरी कर."

काय करणार होती? तात्यांना रडून, रुसून पाघळवता आलं असतं कदाचित. लहानपणापासून ते तिला जमत आलं होतं. पण तात्यांनी तिच्यासाठी काड्या वर केल्या आणि पुढं वर्षभरात घरात काही बरंवाईट झालं, तर? तो विचार मनात आला आणि तिला घाम फुटला. म्हणजे आपणही मानतोच की हे, तिच्या लक्षात आलं. नुसते तात्याच नाहीत.

ती सरळ तिंद्राच्या तंबूत गेली. क्षितिजा मागोमाग, दोघींचं बोलणं एकमेकींच्या भाषेत सांगायला.

"त्या व्हिडिओत आमी गान्यासाठी थांबलो न्हवतो," गौतमी म्हणाली. "त्या घरात मयत झालेलं. त्या बाईचा नवरा गेला व्हता. दुखवट्याच्या दारावरनं वाजवत जात न्हाईत, म्हनून थांबलो. हे मला ठाव व्हतं. तुमच्यासंगं गायचं म्हनून मी गप बसले. तुमाला थांबा पायजे, आनी आमाला तो असाच घेता येत न्हाई." एवढं बोलून ती जायला वळली. संपलंच होतं आता.

तिंद्राने तिचा हात धरला. विचारलं, "ती बाई दारात येऊन काय म्हणाली?"

"वाजवा."

"म्हणजे?"

"म्हंजी, आमचं दुःख आमच्यापाशी हाय. तुमच्या घरी लगीन हाय, तुमचं चालू द्या."

तिंद्राने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. हरभऱ्याची जुडी खाली ठेवली. मग बोलायला लागली, इतकी सावकाश की क्षितिजाला पुन्हा सांगताना घाई करावी लागली नाही. ती स्पेनमध्ये होती. दुपारी फोन आला, वडील गेले. बर्फ सारून घरी आले, बूट काढले आणि दारातच कोसळले. संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता, मैदान भरलं होतं. सगळे म्हणाले, तुझ्या वडिलांना तू गायलेलंच आवडलं असतं. ती गायली. दुसऱ्या दिवशीही गायली. "मी नाचलेसुद्धा," तिंद्रा म्हणाली. "कुणीच थांबलं नाही. मी पण नाही. आणि नंतर त्या सुरापाशी आलं की घसा आपोआप मिटायला लागला. तुमचा व्हिडिओ बघितला तेव्हा कुणाचं घर, कुणाचं दार, मला काही माहीत नव्हतं. नुसतं वाटलं, असं थांबायला हवं होतं."

जिची सगळी कुंडली पाठ होती, तिच्याबद्दल गौतमीला हे एवढंच ठाऊक नव्हतं. तिला रडू फुटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. तिने तिंद्राचा हात सोडला आणि पळत सुटली.

तात्या टेम्पोच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते.

"तात्या, मयत हाय."

"कुनाचं?"

"तिच्या बापाचं. लई दिस झालं. पर तवा कुनी थांबलंच न्हाई. तिलाच गायला लावलं, त्याच दिवशी."

तात्यांचा अंगठा तळहातावर थांबला. "त्याच दिवशी?" त्यांनी विचारलं. तंबाखू तशीच झटकून टाकली. "आदी सांगाया काय झालं व्हतं," म्हणाले. "थांबू की मंग. पर दार कुटंय?"

"स्वीडनला."

"त्ये न्हाई चालायचं. दाराम्होरं थांबायचं असतं, हवेत न्हाई. दार दावा."

गौतमी पुन्हा पळाली. तिंद्राच्या मोबाइलमध्ये फोटो होता. लाल रंगाचं लाकडी घर, पांढरं दार, दाराशी टेकवलेलं बर्फ ओढायचं फावडं, आणि पायरीवर मोठ्या मापाचे बूट. तात्यांनी मोबाइल हातात धरून तो नीट बघितला. घर कुठून सुरू होतं, कुठं संपतं, दार कुठल्या अंगाला आहे, सगळं विचारलं. मग त्या घराएवढ्या पडद्याकडं बोट केलं. "ह्येच दार तितं लावा. तेवढंच मोट्टं. आनी घर वलांडेपत्तुर कुनी 'चला चला' करायचं न्हाई."

"पण काका, किती वेळ लागेल ते?" क्षितिजाने विचारलं.

"पायाला लागंल तेवडा," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा नेऱ्याचा माळ माणसांनी फुलला होता. हिंजवडीतली पोरं, पुण्यातून आलेल्या मुली, आणि पुढच्या बाजूला टेम्पो भरभरून आलेलं रिहे, आंबोली, घोटावडे. गौतमीच्या अंगावर बँडचा लाल कोट. क्षितिजाने आणलेली भरजरी साडी तिने हात जोडून परत केली होती. तिंद्राने तिच्याकडं बघून डोळा मारला.

तात्यांनी काडी टाकली आणि माळ उसळला. बर्फाचं गाणं सुरू झालं. एक ओळ तिंद्राची, एक गौतमीची. मागं उंबराचे डहाळे घेतलेल्या रिह्याच्या बाया, त्यांच्यामागं ढोल. माणसं खांद्यावर माणसं घेऊन नाचत होती. गौतमीच्या सगळ्या अंगातून ताशा वाजत होता. आपण इथं आहोत, खरंच आहोत, तिला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. गाणं चढत चढत त्या सुराच्या खालच्या पायरीवर आलं. पडद्यावर लाल घर उमटलं.

तात्यांनी दोन्ही काड्या वर केल्या.

सगळं थांबलं. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, व्हिडिओत बघितलंच होतं सगळ्यांनी. पण बँड खाली मान घालून चालत राहिला, आणि पुढच्या बाजूच्या गावच्या माणसांनी ते ओळखलं. डोक्यावरच्या टोप्या उतरल्या. बघता बघता माळ गप्प झाला. डहाळ्यांची सळसळ ऐकू येत होती, बुटांचा आवाज ऐकू येत होता. दार आलं. दार मागं गेलं. फावडं, खिडकी, घराचा कोपरा. घर ओलांडून झालं.

तात्यांच्या काड्या वरच होत्या. गौतमीने मागं वळून बघितलं. तिंद्रा त्यांच्याबरोबर आलीच नव्हती. ती दारापुढं थांबली होती, पडद्याकडं तोंड करून, लोकांकडं पाठ करून.

वेळ जायला लागला. मंचाच्या कडेला यंत्रांवरचा माणूस हात हलवत होता. क्षितिजाने डोक्याला हात लावला. मागच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी तिंद्राचं नाव घेऊन ओरडलं. मिटला हिचा घसा, गौतमीला वाटलं, जर्मनीसारखाच. माइक तिच्या हातात होता. सूर तिच्या गळ्यात तयार होता, वर जायला आतुर झालेला. आता उचलला तर कार्यक्रम वाचला असता, आणि एवढ्या माणसांपुढं तो सूर एकट्या गौतमीचा झाला असता. सगळ्या जगाने बघितलं असतं.

तिने माइक तोंडापाशी नेला आणि तात्यांकडं बघितलं. तात्यांनी काही खूण केली नाही. दारात घरचं माणूस उभं होतं, आणि घरचं माणूस काही बोललं नव्हतं.

गौतमीने माइक खाली घेतला.

ती उभी राहिली. तात्या उभे राहिले, सगळा वाघजाई ब्रास बँड डहाळ्यांसकट उभा राहिला. ओरडणाराही गप्प झाला. ऊन त्या पांढऱ्या दारावरून हळूहळू खाली उतरत होतं.

मग तिंद्रा वळली. तोंड ओलं, नाक पहिल्या व्हिडिओतल्यासारखं लालबुंद. तिने बँडकडं बघितलं, डहाळ्यांकडं बघितलं. हा शब्द मंचावर म्हणायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तालमीत तो नव्हताच. तिने सगुणाबाईसारखा हात वर केला.

"वाजवा," ती म्हणाली.

तात्यांच्या दोन्ही काड्या ताशावर पडल्या, आणि दोघींनी एकदम तोंड उघडलं.